छाया की प्रकाश? फोटोच्या शब्दांबद्दल तुमचे प्रश्न

प्रश्न : फोटो म्हणजे प्रकाश ना? मग मराठीत 'छायाचित्र' कसं काय, हे तर उलटंच झालं. भाषांतर करणाऱ्याचा घोळ आहे का?

उत्तर : घोळ नाहीये, आणि मजा म्हणजे सुरुवातीला ही सावलीची भानगड खुद्द इंग्लंडातही होती. फोटोग्राफी शब्द ग्रीकवरून आला, 'फोस' म्हणजे प्रकाश आणि 'ग्राफे' म्हणजे लिहिणं किंवा रेखाटणं, इथपर्यंत तुमचं बरोबर. पण 1839 साली ही कला जगासमोर आली तेव्हा तिला नेमकं म्हणायचं काय यावर कुणाचंच एकमत नव्हतं. फ्रान्सचा निएप्स आधीच 'हेलिओग्राफी' म्हणून मोकळा झाला होता, म्हणजे सूर्याने लिहिलेलं. त्याच्या भागीदाराने, डागेरने, सरळ स्वतःचंच नाव लावून टाकलं, डागेरोटाइप! आणि इंग्लंडच्या टॅलबटने त्या वर्षीच्या निबंधात एका भागाला शीर्षकच दिलंय 'सावली पक्की करण्याची कला'. आता सावली का, तर त्याच्या कागदावर ऊन पडेल तिथे काळं व्हायचं आणि वर ठेवलेल्या झाडाच्या पानाची किंवा लेसची सावली जिथे पडेल तेवढं पांढरं राहायचं, म्हणजे हातात जे यायचं ते सावलीचंच चित्र.

शेवटी इंग्लंडचा खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल याने 14 मार्च 1839 ला रॉयल सोसायटीपुढच्या निबंधात फोटोग्राफी हा शब्द वापरला आणि तोच चालला. (ब्राझीलमध्ये राहणाऱ्या अर्क्युल फ्लोरांसने 1834 लाच तो वहीत लिहून ठेवला होता, पण जगाला ते कळायला फार म्हणजे फारच उशीर झाला.) फोटोतले निगेटिव्ह आणि पॉझिटिव्ह हे शब्दही हर्शेलचेच.

आणि आपली 'छाया' म्हणजे नुसती सावली नव्हे हो. संस्कृतात छाया म्हणजे सावली, प्रतिबिंब आणि चक्क कांती, तेज असंही. एकाच शब्दात सगळं आलं, अजून काय पाहिजे! फारसीत फोटोला 'अक्स' म्हणतात, गझलेत भेटतो तोच, प्रतिबिंब या अर्थाचा. फिनिश 'वालोकुवा' म्हणजे सरळ प्रकाश-चित्र. जपानीत 'शाशिन', त्यातलं पहिलं अक्षर नक्कल करणं आणि दुसरं सत्य, हा शब्द फोटोच्या आधी समोर बघून काढलेल्या हुबेहूब चित्रांसाठी होता. मला विचाराल तर या सगळ्यांत शाशिन जरा भाबडाच आहे, कारण फोटो किती सफाईने खोटं बोलतो ते आता सगळ्यांना माहितीये.

प्रश्न : कॅमेरा आणि हिंदीतला कमरा, योगायोग ना?

उत्तर : नाही, सख्खे नसले तरी चुलत भाऊ नक्की. लॅटिनमध्ये 'कामेरा' म्हणजे कमानदार छताची खोली. त्यावरून पोर्तुगीज 'कामरा' झालं आणि ते हिंदीत येऊन कमरा. इकडे अंधाऱ्या खोलीच्या भिंतीला बारीक भोक पाडलं की बाहेरचं दृश्य समोरच्या भिंतीवर उलटं दिसतं, त्या खोलीला जर्मन खगोलशास्त्रज्ञ केप्लरने 1604 च्या पुस्तकात 'कामेरा ऑब्स्क्युरा' म्हटलं, अंधारी खोली. पुढे खोलीची पेटी झाली, पेटी हातात मावायला लागली, अंधारी हे विशेषण गळून पडलं आणि उरली नुसती खोली. आणि हो, कॉम्रेड पण याच घरातला, स्पॅनिश 'कामारादा' म्हणजे एका खोलीत राहणारा जोडीदार.

प्रश्न : लेन्स शब्दाचा मसुराशी संबंध आहे असं वाचलं, थाप वाटते.

उत्तर : थाप नाही, खरंच मसूर! लॅटिन 'लेन्स' म्हणजे मसूर, दोन्ही बाजूंनी फुगीर भिंगाचा आकार अगदी तसाच दिसतो म्हणून. जर्मनमध्ये आजही 'लिन्झे' म्हणजे मसूरही आणि लेन्सही, आणि अरबीत मसूर 'अदस' तर लेन्स 'अदसा'. आता लेन्सवरून फोकसवर यावंच लागतं कारण लॅटिनमध्ये फोकस म्हणजे चूल. किरण जिथे एकत्र येतात त्या बिंदूला हे नाव दिलं पुन्हा केप्लरनेच, त्याच 1604 च्या पुस्तकात. भिंगाने उन्हात कागद जाळलेला असेल तर चूल का ते सांगायला नको. जर्मन लोक तर त्याला 'ब्रेनपुंक्ट' म्हणतात, जळण्याचा बिंदू. मराठी पाठ्यपुस्तकात मात्र 'नाभी' आली आणि ती आग विझली, मला तरी चुटपुट लागते.

प्रश्न : फोटो 'शूट' का करतात, बंदूक आहे का ती?

उत्तर : शिकाऱ्यांचीच भाषा आहे ती. स्नॅपशॉट म्हणजे नीट नेम न धरता झटकन झाडलेली गोळी, आणि तो शब्द 1860 मध्ये फोटोला लावला परत आपल्या हर्शेलनेच. पुढे 1882 मध्ये फ्रान्सच्या मारे नावाच्या शास्त्रज्ञाने खरोखरच बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला, खांद्याला लावून उडते पक्षी टिपायला, सेकंदाला 12 फोटो.

प्रश्न : 'बोके'चा उच्चार काय?

उत्तर : बोकेच, पण मांजरांशी संबंध नाही. जपानीत धूसर, अस्पष्ट, म्हणून फोटोत फोकसबाहेरच्या भागाच्या धूसरपणाला हे नाव. इंग्रजी स्पेलिंगच्या शेवटी एच जोडला तो 1997 मध्ये एका अमेरिकन मासिकाच्या संपादकाने, लोक 'बोक' म्हणू नयेत म्हणून.

प्रश्न : कोडॅक आणि कॅनन म्हणजे काय?

उत्तर : कोडॅक म्हणजे काहीच नाही. जॉर्ज ईस्टमनला के अक्षर फार दमदार वाटायचं म्हणून पुढे-मागे के ठेवून 1888 मध्ये शब्द बनवला. कॅननचं मात्र नाव बघण्यासारखं आहे. 1934 च्या पहिल्या नमुना कॅमेऱ्याचं नाव होतं 'क्वानॉन', म्हणजे जपानी कान्नोन, म्हणजेच आपला बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. आणि त्याच्या लेन्सला नाव दिलं होतं 'कास्यपा', बुद्धाचा शिष्य महाकाश्यप याच्यावरून.