‘माहीत असलेला दुष्परिणाम’ म्हणजे दोषमुक्ती नव्हे

प्रश्न : माझ्या भावाला फिट येतात. व्हॅलप्रोएट हे फिटचं औषध चालू असतानाच डॉक्टरांनी लॅमोट्रिजिन हे दुसरं औषध रोज ५० मिग्रॅ सुरू केलं. सतराव्या दिवशी ताप, तोंडात फोड, अंगावर पुरळ. फोन केला तर ‘उष्णता असेल, गोळ्या चालू ठेवा’ म्हणाले. पाच दिवसांत कातडी सोलून निघाली. जीव वाचला, पण नजर अधू झाली. डॉक्टर म्हणतात, हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे, चूक कोणाचीच नाही. दाद मागता येईल का?

उत्तर : ताई, डॉक्टरांचं अर्धं म्हणणं खरं आहे आणि समोरचा वकील तेच आधी मांडेल. स्टीव्हन्स-जॉन्सन सिंड्रोम, म्हणजे फोड येऊन कातडी सोलवटणारी ही रिॲक्शन, योग्य मात्रेतही होऊ शकतो, त्यामुळे नुसत्या रिॲक्शनवरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. ‘औषधानं घात केला’ यावर तक्रारीची पानं भरू नका.

मात्रेकडे बघा. व्हॅलप्रोएटमुळे लॅमोट्रिजिन शरीरातून सावकाश बाहेर पडतं. म्हणून दोन्ही सोबत देताना मोठ्या माणसाला पहिले दोन आठवडे दिवसाआड २५ मिग्रॅ देण्याची रीत आहे. रोज ५० म्हणजे त्याच्या चौपट. चिठ्ठीवर ते लिहिलेलं असेल तर चिठ्ठी जिवापाड जपा. त्याहून वजनदार मला वाटतात ते पाच दिवस. पुरळ उठलं आणि दुसरं कारण उघड दिसत नसेल तर औषध थांबवा, हा इशारा माहितीपत्रकातच असतो. दुष्परिणाम माहीत होता ना? मग फोनवर तो ‘उष्णता’ कसा झाला? त्यांचा बचाव इथे त्यांच्यावरच उलटतो.

अनुराधा साहा १९९८ मध्ये याच जातीच्या, आणखी भयंकर आजारानं, टॉक्सिक एपिडर्मल नेक्रोलिसिसनं गेल्या. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुमारे ५.९६ कोटींची भरपाई दिली. तिथेही बोट होतं ते उपचारांवर, स्टेरॉइडच्या मात्रेवर. आकडा पाहून हुरळू नका, मधली पंधरा वर्षं मोजा. आणि फौजदारी आरोपातून डॉक्टर सुटले होते, हेही ध्यानात ठेवा. जेकब मॅथ्यू खटल्यापासून (२००५) त्यासाठी घोर निष्काळजीपणा दाखवावा लागतो. मी तुम्हाला पोलीस ठाण्यात नव्हे, ग्राहक आयोगात पाठवेन. मुदत दोन वर्षांची आहे. मात्र उपचार सगळ्यांना पूर्ण मोफत देणाऱ्या रुग्णालयात झाले असतील तर हा रस्ता बंद असतो.

उपचारांची कागदपत्रं लेखी अर्ज देऊन मागा, पोच घ्या. ती ७२ तासांत देणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. ती घेऊन उपचारांशी संबंध नसलेल्या मेंदूविकारतज्ज्ञाचं लेखी मत मिळवा. त्याशिवाय मी तरी तक्रार दाखल करणार नाही. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद रुग्णाच्या घरच्यांनाही करता येते, १८००-१८०-३०२४ वर. तेवढ्यानं केस जिंकता येत नाही, पण तारीख नोंदली जाते.

गोळ्यांची उरलेली पट्टी आणि मेडिकलचं बिल टाकू नका. आणि त्या फोनची नोंद मोबाइलमध्ये अजून असेल तर आजच तिचा स्क्रीनशॉट काढा. तो फोन झालाच नाही, असं उत्तर आलं तर मला आश्चर्य वाटणार नाही.