आधी सांग, आणि तूच सांग

प्रिय पोरी,

रात्रीचा मेसेज वाचला. आजोबांच्या मोतीबिंदूच्या फेको ऑपरेशनमध्ये शेवटचा तुकडा ओढताना भिंगाची पिशवी मागून फाटली, डोळ्यातला जेलीसारखा व्हिट्रिअस पुढे आला. तू तो कापून काढलास (व्हिट्रेक्टॉमी), पिशवीच्या पुढच्या खोबणीत, सल्कसमध्ये, थ्री-पीस भिंग बसवलंस, जागा बदलली म्हणून पॉवर २२ ची २१ करायलाही विसरली नाहीस. हाताने सगळं बरोबर केलंस. मग बाहेर त्यांच्या मुलाने "नीट झालं ना?" विचारलं आणि तू "हो" म्हणालीस. आता मला विचारतेस, सांगायलाच हवं का?

हवंच. आधी सांग, आणि तूच सांग.

पिशवी फाटल्याबद्दल मी रागावलेलो नाही. जेमतेम चार मायक्रॉनची ती. मुरलेल्या हातूनही फाटते. राग त्या "हो"चा आहे. त्या डोळ्याला आता रेटिना म्हणजे मागचा पडदा सुटण्याचा, त्याच्या मध्यभागाला, मॅक्युलाला, सूज येण्याचा धोका वाढलाय. सूज बहुधा चार-सहा आठवड्यांनी येते, म्हणजे आजोबा गावी गेल्यावर. विजा चमकल्या, काळे ठिपके एकदम वाढले, बाजूने सावली सरकत आली, तर ज्याला माहीत आहे तो त्याच दिवशी एसटी पकडतो. ज्याला माहीत नाही तो म्हणतो, ऑपरेशननंतर असं होतच असेल.

शब्द जपून वापर. "पडदा फाटला" अजिबात म्हणू नकोस. आपल्याकडे पडदा म्हणजे रेटिना, आजोबा तिथेच खचतील. "मोतीबिंदू पूर्ण निघालाय. पण काढताना, भिंग ज्या पातळ पिशवीत बसवतो ती माझ्या हातून मागून फाटली. म्हणून भिंग पिशवीच्या पुढे बसवलंय. काही महिने जास्त वेळा तपासावं लागेल." एवढं बोल आणि गप्प बस. त्यांना विचारू दे. "मोतीबिंदू फार पिकला होता" हे ऑपरेशनआधी सांगितलं तर माहिती असते, नंतर सांगितलं तर सबब. आणि मुलाच्या कानात सांगून मोकळी होऊ नकोस. डोळा आजोबांचा आहे.

आम्हाला शिकवलं होतं, तोंड उघडलं की केस होते. मीही बरीच वर्षं तेच मानलं. बाहेर रांग लागलेली असायची, बोलायला वेळ कुठे होता... असो, ही माझी सबब झाली.

कागदाचं म्हणशील तर ऑपरेशन नोटमध्ये कुठल्या टप्प्यावर फाटली, व्हिट्रिअस आला का, भिंग कुठलं, कुठे, किती पॉवरचं, सगळं हवं. राहिलं असेल तर आजची तारीख-वेळ घालून खाली नवी नोंद कर, सही कर. जुन्या ओळीला हात लावायचा नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीप्रमाणे रुग्णाने कागद मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात. तुझ्याकडून न कळलेली गोष्ट त्यांना दुसऱ्या डॉक्टरच्या स्लिट लॅम्पवर, डोळा तपासायच्या दुर्बिणीखाली, कळावी, असं हवंय का तुला?

चुकीच्या पॉवरचं भिंग गेलं तरी हेच. "डोळा कोरडा आहे, थेंब घाला" म्हणत महिने काढले की पिशवी भिंगाला चिकटते आणि बदलणं अवघड होतं. आधी सांग म्हणतो ते उगाच नाही.

जादा तपासण्यांचे पैसे लागणार नाहीत, हे आधी ऑफिसशी बोलून पक्कं कर. नाहीतर तू आत माफी मागशील आणि बाहेर काउंटरवर पावती फाडली जाईल. उद्या सकाळी पट्टी काढशील तेव्हा मुलाला आत घे, स्टुलावर आजोबांच्या समोर बस. आधी कालचा "हो" मागे घे. लक्षणांची चिठ्ठी मोठ्या अक्षरात लिही, त्यांचा दुसरा डोळाही अधूच आहे ना.



— तुझा सर