डेंगळा आलेल्या लीकचं काय करायचं

ताई, तुमच्या बागेतल्या लीकला (जाड पातीच्या कांद्यासारखी दिसणारी भाजी) डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, आला म्हणून तो उपटून कंपोस्टमध्ये टाकू नका. थंडी सरून मार्चचं ऊन तापलं की आपल्या नाशिकच्या कांद्याला येतो, तसाच त्यालाही येतो. तुमचं काही चुकलेलं नाही.

डेंगळेवाले आधी काढा, बाकीचे चार दिवस थांबतील. लीक उभा चिरा. मधोमध पेन्सिलीएवढा दांडा दिसेल. नखाने सहज तुटला तर बारीक चिरून भाजीत घाला, नाहीतर ओढून टाका. कडक दांडा कितीही शिजवला तरी चोथाच राहतो. भोवतीचे पांढरे पदर मात्र छान लागतात.

खरं काम धुण्याचं. आपली काळी माती पदरापदरात शिरलेली असते. काप मोठ्या पातेल्यात पाण्यात सोडा, हाताने हलवा, माती तळाशी बसू द्या आणि काप वरून उचलून घ्या. पातेलं चाळणीत उपडं केलंत तर सगळी माती परत कापांवर!

मला सगळ्यात आवडतो तो झुणका. पातीच्या कांद्याचा करतो तसाच, फक्त फोडणीत लसूण सढळ हाताने, कारण लीक चवीला सौम्य. झाकण ठेवून मंद आचेवर दहा-बारा मिनिटं मऊ होऊ द्या, मगच बेसन पेरा. घाई केली की बेसन शिजतं आणि लीक चिवट राहतो. थालीपिठातही घाला.

वरची जाड हिरवी पात अर्धा तास उकळून गाळा, ते पाणी आमटीला वापरा. उरलेले काप कोरडे करून फ्रीजरमध्ये ठेवा. एक-दोन झाडं मात्र फुलू द्या, मधमाश्या येतात.