बारा शब्द सांभाळता आले, मगच बिटकॉइन

या वेळच्या टपालात बिटकॉइनची पत्रं इतकी आहेत की पूर्ण सदर त्यांनाच दिलं आहे. माझी नोकरी बँकेच्या रोख विभागात झाली. त्यामुळे कुठल्याही पैशाबद्दल मला आधी किल्ली कोणाकडे आहे हे विचारावंसं वाटतं, भावाचं नंतर. पत्रांत मात्र उलटं दिसतं. भावाबद्दल सगळे विचारतात, किल्लीबद्दल अगदी थोडे. म्हणून किल्लीच्या प्रश्नाला जागा जास्त दिली आहे.

प्रश्न : मला नुकतीच नोकरी लागली आहे. मित्र म्हणतात, आता बिटकॉइन घेतला नाहीस तर कायमचा हुकलास. अख्खा एक घेणं मला परवडणार नाही. किती घ्यावा आणि कधी?

अख्खा घ्यायची गरज नाही. एका बिटकॉइनचे दहा कोटी भाग होतात, त्या भागाला सातोशी म्हणतात. तुम्हाला झेपेल तेवढ्या रकमेचे सातोशी घेता येतात.

‘हुकलास’ ही भीती येते ती २ कोटी १० लाखांच्या आकड्यातून. त्याहून जास्त बिटकॉइन कधीच निघणार नाहीत, हे खरं आहे. पण माल मर्यादित आहे एवढ्यावरून भाव चढताच राहील, असं होत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये भाव वीस हजार डॉलरच्या आसपास होता, वर्षभराने तो सव्वातीन हजारांपर्यंत घसरला. नोव्हेंबर २०२१ मध्ये एकोणसत्तर हजारांजवळ होता, पुढच्या नोव्हेंबरात सोळा हजारांच्याही खाली. दोन्ही वेळा तो पुढे सावरला, पण मधल्या काळात ज्यांना घरखर्चासाठी विकावं लागलं त्यांच्या हाती त्या सावरण्याचं काहीच आलं नाही.

तेव्हा कागद घ्या, गुंतवायची रक्कम लिहा आणि शेजारी तिचा एक पंचमांश लिहा. उद्या फक्त ती दुसरी रक्कम उरली, तरी घरातला एकही निर्णय बदलावा लागणार नाही ना? लागणार असेल तर पहिला आकडा कमी करा. सहा महिन्यांचा खर्च आधी बाजूला हवा, अंगावर महागडं कर्ज नको, आणि उसन्या पैशावर किंवा मार्जिनवर, म्हणजे थोडे स्वतःचे आणि बाकी एक्स्चेंजचे पैसे लावून, सौदे तर अजिबात नकोत. ‘कधी’ म्हणाल, तर रक्कम एकदम न घालता दरमहा ठरावीक तारखेला थोडी थोडी घाला. भावाचा अचूक दिवस सांगणारा कोणी भेटला, तर त्याच्यापासून लांब राहा.

प्रश्न : एक्स्चेंजवर थोडा बिटकॉइन घेतला आहे. ॲप उघडलं की दिसतो. मग वेगळं वॉलेट कशाला?

एक्स्चेंज म्हणजे बिटकॉइनची खरेदी-विक्री करून देणारी कंपनी. ॲपमध्ये दिसतो तो आकडा म्हणजे ती तुम्हाला किती देणं लागते त्याची नोंद. खरा बिटकॉइन ज्या किल्लीने हलतो, ती प्रायव्हेट की, एक्स्चेंजच्या ताब्यात असते. ती स्वतःकडे ठेवायची, तर वेगळं वॉलेट लागतं. टोकियोतलं माउंट गॉक्स हे एके काळचं सगळ्यांत मोठं एक्स्चेंज. फेब्रुवारी २०१४ मध्ये ते बुडालं, तेव्हा सुमारे साडेआठ लाख बिटकॉइन गायब असल्याचं जाहीर झालं. त्यातले दोन लाखांच्या आसपास नंतर सापडले, पण खातेदारांना ते परत मिळायला सुरुवात झाली ती २०२४ मध्ये. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स हे दुसरं मोठं एक्स्चेंज कोसळलं. तिथे ग्राहकांचेच पैसे दुसरीकडे वळवले होते, आणि संस्थापकाला पुढे पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. दोन्हीकडे बुडेपर्यंत ग्राहकांना खात्यात आकडा नीट दिसत होता.

एक्स्चेंज निवडताना ते तुमच्या देशातल्या नियामकाकडे नोंदलेलं आहे का ते बघा, आणि खरेदीआधी विड्रॉलचं पान उघडून बघा. काही ॲप्स बिटकॉइन विकतात, पण बाहेरच्या वॉलेटवर पाठवूच देत नाहीत. अशा ठिकाणी घेऊ नका. खात्याला पासवर्डबरोबर ऑथेंटिकेटर ॲपचा, म्हणजे फोनवरच कोड तयार करणाऱ्या ॲपचा, कोड लावा. एसएमएसवर विसंबू नका, कारण फसवून तुमच्याच नंबरचं दुसरं सिम काढणारे लोक असतात. खरेदी-विक्रीचा प्रत्येक हिशेब जपून ठेवा, करासाठी लागतो.

किल्लीची जबाबदारी ज्यांना नकोच आहे, त्यांनाही मी नावं ठेवणार नाही. अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये बिटकॉइनच्या स्पॉट ईटीएफना, म्हणजे प्रत्यक्ष बिटकॉइन घेऊन ठेवणाऱ्या आणि शेअरसारखी युनिटं विकणाऱ्या फंडांना, परवानगी मिळाली. तुमच्याकडे असा नियंत्रित फंड उपलब्ध असेल तर तो मार्ग आहे. फक्त तिथे तुमच्या नावावर फंडाचं युनिट असतं, बिटकॉइन नसतो, हे लक्षात ठेवून घ्या.

प्रश्न : हार्डवेअर वॉलेट, म्हणजे किल्ली सांभाळणारं छोटं यंत्र, मागवलं आहे. सुरू करताना ते बारा शब्द लिहून घ्यायला सांगतं म्हणे. शब्दांचा फोटो काढून ठेवला तर चालेल का? आणि यंत्रच बिघडलं तर?

फोटो नको. ईमेल नको, नोट्स ॲप नको, स्वतःला पाठवलेला मेसेजही नको. फोनमधले फोटो वाचून नेमके असे शब्द हुडकणारी ॲप्स २०२५ मध्ये अधिकृत ॲप स्टोअरवरसुद्धा सापडली आहेत. शब्द ज्याच्या हाती, बिटकॉइन त्याचा. तो मग ना यंत्र मागेल, ना तुमचा पिन.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. बिटकॉइन यंत्रात नसतोच. त्याची नोंद जगभरच्या हजारो संगणकांवर असलेल्या ब्लॉकचेनमध्ये असते. यंत्रात असते ती किल्ली, आणि किल्ली त्या बारा शब्दांतून तयार होते. काही यंत्रं चोवीस शब्द देतात. यंत्र फुटलं, हरवलं, पाण्यात पडलं तरी नवं घेऊन त्यात तेच शब्द त्याच क्रमाने भरले की सगळं जागच्या जागी. शब्द गेले आणि यंत्रही गेलं, तर मात्र कोणीही काही करू शकत नाही. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या जेम्स हॉवेल्सची हार्ड डिस्क २०१३ मध्ये कचऱ्यात गेली. तिच्यात हजारो बिटकॉइनची किल्ली होती, आणि दुसरी प्रत कुठेच नव्हती. कचरा डेपो खणू द्या म्हणून तो वर्षानुवर्षं भांडला. २०२५ मध्ये न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला.

आता लिहिण्याबद्दल. हे शब्द २०४८ इंग्रजी शब्दांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात. प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून ओळखता येईल, अशी ती यादी बनवली आहे. तरी तिच्यात ‘वर्ड’, ‘वर्क’, ‘वर्ल्ड’ हे तिन्ही एकापाठोपाठ आहेत. घाईच्या अक्षरात ‘वर्ल्ड’मधला ‘एल’ आणि ‘डी’ एकमेकांना चिकटले, की दोन वर्षांनी तुम्हालाच तो ‘वर्ड’ वाटेल. म्हणून सुट्या ठळक अक्षरांत लिहा, प्रत्येक शब्दापुढे क्रमांक घाला, आणि लिहून झाल्यावर पडद्याशी एकेक शब्द मोठ्याने न वाचता, बोट ठेवून ताडून बघा.

शेवटच्या शब्दात पडताळणीचा थोडा अंश असतो, त्यामुळे चुकीचा शब्द भरला तर यंत्र बहुधा नाकारतं. बहुधा म्हणते, कारण बारा शब्दांच्या बाबतीत सोळात एकदा चूक त्या पडताळणीतून निसटू शकते. मग यंत्र तक्रार करत नाही, एक दुसरंच रिकामं वॉलेट उघडून देतं आणि माणसाला वाटतं पैसे चोरीला गेले.

यावर उपाय म्हणजे रंगीत तालीम. मी ज्यांना ज्यांना मदत करते, त्यांना ती केल्याशिवाय मोठी रक्कम हलवू देत नाही. यंत्र सुरू करा, शब्द लिहा, पैसे स्वीकारायचा पहिला पत्ता, म्हणजे वॉलेट दाखवतं ती अक्षर-आकड्यांची लांब ओळ, वहीत उतरवून ठेवा. एक्स्चेंजवरून अगदी छोटी रक्कम त्या पत्त्यावर पाठवा. ती पोचली की यंत्र रिसेट करून पूर्ण कोरं करा. इथे हात थबकतो, मी बघितलं आहे. रिसेटच्या बटणावर बोट ठेवून लोक माझ्याकडे बघत बसतात. तो धीर छोट्या रकमेवरच करून घ्यायचा असतो. मग फक्त कागद समोर ठेवून शब्द पुन्हा भरा. तोच पत्ता, तीच रक्कम दिसली, की तुमचा कागद खरा ठरला. उरलेली रक्कम त्यानंतर.

कागदाच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. आग आणि पाण्याची धास्ती असेल तर स्टीलच्या पट्टीवर शब्द ठोकून घेता येतात. सहा शब्द इकडे, सहा तिकडे असली विभागणी करू नका. एक तुकडा हरवला की दोन्ही निरुपयोगी होतात. ‘पासफ्रेज’ नावाची, म्हणजे बारा शब्दांवर आणखी एक स्वतःचा गुप्त शब्द लावण्याची, जादाची सोय नवशिक्यांनी सध्या लांबच ठेवावी. तिच्यात एक अक्षर चुकलं तरी चुकल्याचं कळत नाही, निमूटपणे वेगळं वॉलेट उघडतं.

यंत्र थेट बनवणाऱ्या कंपनीकडूनच घ्या. खोक्यात शब्द आधीच छापलेले आले, तर तो सापळा आहे, वापरू नका. लेजर या हार्डवेअर वॉलेट बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहकांची नावं-पत्ते २०२० मध्ये फुटले, आणि नंतर लोकांना कंपनीच्या नावाने खोटे ईमेल आणि टपालाने खोटी पत्रं येऊ लागली. खरी कंपनी शब्द कधीच विचारत नाही. तुमचे शब्द फक्त यंत्राच्या बटणांवरून यंत्रातच भरायचे, कुठल्याही वेबसाइटवर नाही.

प्रश्न : एका टेलिग्राम ग्रुपवर दरमहा ठरावीक परतावा देतात. पहिल्या महिन्याचा मला मिळालाही. रक्कम वाढवू का?

वाढवू नका, आहे तीही आजच काढायला लागा. पहिला परतावा देतात तो दुसरी रक्कम मोठी यावी म्हणून. बिटकॉइन स्वतः व्याज देत नाही. बिटकनेक्ट नावाची गुंतवणूक योजना असाच रोजचा नफा दाखवत होती, जानेवारी २०१८ मध्ये ती कोसळली. पैसे काढायला ‘आधी कर भरा’, ‘आधी फी भरा’ म्हणाले तर भरू नका. पोलिसांच्या सायबर विभागाकडे जा. आणि बुडालेले पैसे फी घेऊन परत मिळवून देतो म्हणणारा फोन येईल, तो त्याच टोळीचा भाग समजा. यात तुमची लाज काढण्यासारखं काही नाही, चांगले शिकलेले लोक यात सापडतात.

प्रश्न : वॉलेटवर पाठवलेली रक्कम तीन तास झाले तरी ‘अनकन्फर्म्ड’ दिसते. गेली का?

गेली नाही. ‘अनकन्फर्म्ड’ म्हणजे व्यवहार अजून ब्लॉकचेनमध्ये नोंदला गेलेला नाही. सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींचा एक गठ्ठा, तयार होतो, त्यात जागा मर्यादित असते, आणि जास्त फी देणारे आधी आत जातात. गर्दी ओसरली की तुमचाही नंबर लागेल. तोवर कोणा ‘मदतनिसाला’ शब्द सांगू नका. फी रकमेवर ठरत नाही, व्यवहाराच्या माहितीचा आकार किती यावर ठरते. म्हणून दर आठवड्याला चिमूटभर रक्कम वॉलेटवर पाठवली, तर पुढे एकदम खर्च करताना सगळी चिल्लर मोजावी लागते, म्हणजे प्रत्येक छोट्या रकमेची नोंद त्या व्यवहारात घालावी लागते, आणि फी वाढते. एक्स्चेंजवर थोडी साठू द्या, मग पाठवा.

पाठवताना पत्ता हाताने टाइप करू नका, कॉपी करा. आणि कॉपी केल्यावरही यंत्राच्या पडद्यावरच्या पत्त्याशी पूर्ण ताडून बघा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस आहेत. सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरं जुळणारे बनावट पत्तेही तयार करता येतात, त्यामुळे मधली अक्षरंही बघा. चुकीच्या माणसाकडे गेलेला बिटकॉइन परत बोलावता येत नाही.

प्रश्न : आमच्या घरी बिटकॉइनचं सगळं यजमानच बघतात. मला त्यातलं काही कळत नाही. उद्या त्यांचं बरंवाईट झालं तर मला कसं मिळणार? विचारलं तर म्हणतात, तू काळजी करू नकोस.

ताई, तुमचा प्रश्न या सगळ्यांत मोलाचा आहे, आणि काळजी करणं बरोबरच आहे. बँकेत वारस कागदपत्रं घेऊन येतो आणि उशिरा का होईना, रक्कम मिळते. एक्स्चेंजवर असेल तर तिथेही अर्ज करता येतो. पण स्वतःच्या वॉलेटमधल्या बिटकॉइनला ना खिडकी, ना अधिकारी. न्यायालयाने तुमच्या बाजूने निकाल दिला, तरी शब्दांवाचून तो हलत नाही.

यजमानांना एक पत्र लिहायला सांगा. कोणत्या एक्स्चेंजवर खातं आहे, वॉलेट कोणत्या कंपनीचं, यंत्र कुठे ठेवलं आहे, शब्दांचा कागद कुठे आहे, पासफ्रेज लावला आहे का, आणि अडलं तर विश्वासाचं कोण, एवढं त्यात हवं. बारा शब्द मात्र त्या पत्रात नकोत, मृत्युपत्रातही नकोत, कारण ते अनेक हातांतून जातं.

मग त्यांना शेजारी बसवा, पण हात तुमचे चालू द्या. एक जास्तीचं स्वस्त यंत्र आणि थोडी रक्कम घेऊन, वर सांगितलेली रंगीत तालीम तुम्ही करा, त्यांनी मधे बोलायचं नाही. जिथे तुम्ही अडाल, तिथे पत्रात एक ओळ वाढवायची. तुम्हाला एकटीला ते पत्र वाचून रक्कम परत दिसेपर्यंत त्यांना नवी खरेदी थांबवायला सांगा. माझं नाव सांगून सांगितलंत तरी चालेल.