परग्रहावरचे डोंगर आणि तिथलं हवामान : वाचकांचे प्रश्न

काल्पनिक ग्रहांवर गोष्टी लिहिणारे, नकाशे काढणारे, गेम बनवणारे बरेच वाचक डोंगरांवरच अडकलेले दिसतायत, म्हणून या वेळी फक्त तेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : माझ्या कादंबरीतल्या ग्रहाचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या निम्मं आहे, पायथ्याशी हवा अगदी आपल्यासारखी. तिथला सगळ्यात उंच पर्वत मी १७-१८ किलोमीटरचा दाखवलाय आणि नायिका ऑक्सिजनच्या नळकांड्याशिवाय वर जाते. मित्र म्हणतो एवढ्या उंचीवर ती काही मिनिटांत मरेल. त्याचं बरोबर आहे का?

मित्र पृथ्वीचा हिशोब तुमच्या ग्रहाला लावतोय. हवा खाली दाट आणि वर विरळ असते ती तिच्याच वजनामुळे, आणि वजनच निम्मं झालं तर ती तेवढी दाबली जात नाही, वरपर्यंत पसरून राहते. आपल्याकडे एव्हरेस्टच्या माथ्यावर, म्हणजे ८,८४९ मीटरवर, दाब समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश उरतो, तुमच्या ग्रहावर तीच अवस्था साडेसतरा किलोमीटरच्या पुढे येईल. थंडीचंही तेच. कोरडी हवा वर चढताना पृथ्वीवर दर किलोमीटरला ९.८ अंशांनी गार होते, आणि हा आकडा थेट गुरुत्वाकर्षणावर अवलंबून आहे, म्हणजे तुमच्याकडे तो ४.९ होणार. प्रत्यक्षात बाष्प वगैरे धरून पृथ्वीची सरासरी साडेसहा अंश आहे, तुमची सव्वातीनच्या आसपास धरा.

थोडक्यात तुमचा १८ किलोमीटरचा पर्वत म्हणजे ताणून लांब केलेला एव्हरेस्टच. आणि एव्हरेस्ट नळकांड्याशिवाय चढता येतो हे मेसनर आणि हाबेलर या गिर्यारोहकांनी १९७८ मध्येच दाखवलंय, त्यामुळे नायिका जगेल, पण धापा टाकत, टेचात नाही. एवढा उंच डोंगर उभा राहतो का ही शंका असेल तर मंगळ बघा, गुरुत्वाकर्षण आपल्या ३८ टक्के आणि ऑलिंपस मॉन्स जवळजवळ २२ किलोमीटर उंच.

मित्राला पुन्हा चूक काढू द्यायची नसेल तर एक गोष्ट मात्र सांभाळा. हलका ग्रह हवा धरून ठेवायला कमजोर असतो, मंगळाची बहुतेक हवा अशीच अवकाशात गेली. ती भरून काढणारे जागते ज्वालामुखी कुठेतरी दाखवा, नाहीतर पायथ्याशीच कुणाला श्वास घेता येणार नाही.

प्रश्न : नकाशात मी मधोमध उत्तर-दक्षिण डोंगररांग काढलीय आणि दोन्ही बाजूंना जंगल. एकाने सांगितलं एका बाजूला वाळवंट हवंच. कुठल्या बाजूला?

हे डोंगर बघून सांगता येत नाही, आधी वारा ठरवायला लागतो. बहुतेक जण इथेच गडबड करतात, डोंगर हौसेने काढतात आणि वारा कुठून येतो ते शेवटपर्यंत ठरवतच नाहीत.

होतं काय, समुद्रावरून आलेली ओली हवा डोंगराला अडून वर चढते, वर गार होते आणि ओला कपडा पिळावा तसं पाणी अलीकडेच सांडून जातं, मग पलीकडे उतरते ती कोरडी. नुसती कोरडी नाही, तापलेलीसुद्धा! समजा पायथ्याशी २० अंश आहे आणि डोंगर तीन किलोमीटरचा. ढग धरत चढणारी हवा किलोमीटरला साधारण पाचच अंशांनी गार होते, कारण वाफेचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते, म्हणजे माथ्यावर ५ अंश. उतरताना पाणी संपलेलं असतं त्यामुळे ती पूर्ण ९.८ च्या दराने तापते आणि पलीकडच्या पायथ्याशी ३४ अंश होते. त्याच हवेचे फुकटचे चौदा अंश! अमेरिकेत स्पिअरफिश नावाच्या गावात २२ जानेवारी १९४३ ला असाच डोंगरउतारावरचा वारा आला आणि दोन मिनिटांत तापमान उणे २० वरून अधिक ७ वर गेलं. गोष्टीत असं लिहिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

आता बाजू. दक्षिण अमेरिकेतली अँडीज बघा, एकच रांग, पण विषुववृत्ताच्या जवळ वारे पूर्वेकडून येतात म्हणून पूर्वेला अॅमेझॉनचं जंगल आणि पश्चिमेला अटाकामाचं वाळवंट (समुद्रातला थंड प्रवाहही तिथे हातभार लावतो), आणि खूप दक्षिणेला गेलात की वारे पश्चिमेकडून, त्यामुळे पश्चिमेला चिलीच्या बाजूला धो धो पाऊस आणि पूर्वेला अर्जेंटिनाकडचं पॅटागोनिया कोरडं. तुमची रांग लांब असेल तर तुमच्याही नकाशात मध्येच बाजू पलटायला हवी. ग्रह उलटा फिरत असेल तर हे सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं करा, आणि फारच हळू फिरत असेल तर वाऱ्यांचे हे पट्टे रुंद होत ध्रुवांकडे सरकतात, मग अँडीजची नक्कल चालणार नाही.

दोन्ही बाजूंना जंगल हवंच असेल तर दोन्हीकडे समुद्र ठेवा आणि वर्षातून एकदा वारा फिरवा.

प्रश्न : परग्रहावरच्या शिखरांवर पांढरा बर्फ दाखवला तर चालेल का? की ते फार पृथ्वीसारखं वाटतं?

चालेल की, पण तो बर्फ कशाचा आहे आणि तिथे का पडला हे तुम्हाला माहीत हवं. प्लूटोवरची शिखरं फोटोत अगदी आल्प्ससारखी दिसतात, न्यू होरायझन्स यानाने २०१५ मध्ये ती टिपली, पण तो पांढरा थर मिथेनचा आहे. आणि खरी गंमत पुढे आहे, प्लूटोवर जमिनीपासून वर जाताना हवा सुरुवातीला गरम होत जाते, थंड नाही! शिखरांवर थर बसतो कारण तिथल्या हवेत मिथेन जास्त आहे. म्हणजे दिसायला पृथ्वी आणि कारण बरोब्बर उलटं, माझ्या मते गोष्टीसाठी याच्याइतका चांगला मसाला नाही.

शुक्रावर खाली साधारण ४६५ अंश, मॅक्सवेल मॉन्टेसच्या ११ किलोमीटर उंच माथ्यावर ३८० च्या आसपास, आणि त्या उंचीवर रडारला चकाकणारा थर दिसतो, तो शिसं किंवा बिस्मथच्या संयुगांचा असावा असा एक अंदाज आहे. शनीच्या टायटन या चंद्रावर मिथेनचा पाऊस पडतो, थेंब जवळजवळ सेंटीमीटरभर आणि वेग सेकंदाला दीड मीटरच्या थोडा वर, म्हणजे पात्रं थेंब बघून बाजूला होऊ शकतील. मंगळाच्या आर्सिया मॉन्सवर ठराविक ऋतूत रोज सकाळी १,८०० किलोमीटरपर्यंत लांब ढग पसरतो, ज्वालामुखीचा धूर वाटावा असा, पण ते निव्वळ पाण्याच्या बर्फाचे कण.

प्रश्न : ग्रहाची एकच बाजू कायम ताऱ्याकडे असेल तर डोंगरावर हवामान बदलेल तरी का?

बदलेल, पण घड्याळाने नाही, जागेने. प्रॉक्सिमा बी हा २०१६ मध्ये सापडलेला ग्रह ११.२ दिवसांत ताऱ्याभोवती फिरतो आणि बहुधा असाच अडकलेला आहे. अशा ग्रहावर जमिनीलगतचा वारा रात्रीकडून दिवसाकडे येतो, तारा बरोबर डोक्यावर असतो त्या जागी वर चढतो, तिथे जाडजूड ढग, आणि वरून परत अंधाराकडे जातो. संधिप्रकाशाच्या पट्ट्यातल्या डोंगराला एक उतार कायम उजेडाचा आणि एक कायम सावलीचा, सावली इंचभर हलत नाही. पट्ट्याच्या थोडं पलीकडे अंधारातही उंच शिखराचं टोक तेवढं उजळलेलं राहील, कायमचं.

तारा लालसर असेल तर शिखरावरचा बर्फ पांढराशुभ्र असूनही लवकर वितळतो, कारण अशा ताऱ्याचा बराच प्रकाश अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा, असतो आणि तो बर्फ परतवत नाही, शोषून घेतो. हिमरेषा थोडी वर ढकला.

प्रश्न : गेममधल्या आमच्या ग्रहाचा अक्ष अजिबात कललेला नाही. मग डोंगरावर हिवाळा कसा आणायचा?

कक्षा लांबट केलीत तर येईल, आणि तोही सगळ्या ग्रहावर एकाच वेळी. नाहीतर हिवाळा विसरा आणि दिवस-रात्रीवर खेळा. दिवस ६० तासांचा केलात तर दुपारी डोंगर तापून हवा वर खेचणार आणि रोज साधारण त्याच वेळी वादळ होणार, आणि लांबलचक रात्री उतारावरची हवा गार होऊन जड होते आणि दरीतून खाली घसरते. म्हणून गाव दरीच्या तोंडाशी बसवू नका, जरा बाजूच्या उतारावर घ्या, किंवा खेळाडूला त्रास द्यायचा असेल तर अगदी तोंडाशीच बसवा.