डोलकाठी किती मागे झुकवायची?

प्रश्न : काका, आम्ही दोघा भावांनी जुनी ४२० (दोघांनी चालवायची छोटी शिडाची नाव) घेतली आहे. शनिवार-रविवार मुंबई बंदरात शर्यतीला उतरतो. तक्त्यात बघून डोलकाठीच्या शेंड्यापासून ट्रान्समपर्यंत (नावेच्या मागच्या सपाट फळीपर्यंत) ६.०५ मीटर टेप लावला आणि रेक (डोलकाठीचा मागचा कल) जुळवला. सकाळी नाव बरी चालते. दुपारी वारा चढला की टिलर (सुकाणूचा दांडा) असा ओढतो की हात भरून येतो, आणि नाव वाऱ्यावर (वाऱ्याच्या तोंडाकडे) चढतच नाही. डोलकाठी फार मागे गेली असेल म्हणून दोन्ही श्राउड (डोलकाठीला बाजूंनी धरणाऱ्या तारा) खालच्या पट्टीवर दोन-दोन भोकं सैल केले, तर आणखीच बिघडलं. सोबत फोटो पाठवला आहे.
*— दोघे भाऊ, कुलाबा*

फोटो पाठवलात हे फार बरं केलंत. नाहीतर मीही चार पानं रेकवरच खरडली असती. फोटोत तुमचा फोरस्टे (डोलकाठीपासून नावेच्या टोकाकडे जाणारी पुढची तार) वीणेच्या तारेसारखा ताठ आहे आणि त्याच्या मागची जिबची (पुढच्या शिडाची) कड पोटात आल्यासारखी वाकली आहे. दुखणं तिथंच आहे.

४२० वर फोरस्टे हा डोलकाठी किनाऱ्यावर पडू नये म्हणून असतो. शर्यतीत त्याचं काम संपलेलं असतं. जिबच्या हॅलियार्डला (शीड चढवायच्या दोराला) ताण दिला की डोलकाठी पुढे खेचली जाते आणि बाजूचे श्राउड तिला मागून धरतात. या ओढाताणीत ती ताठ उभी राहते आणि फोरस्टे सैल पडून हलू लागतो. तुमचा फोरस्टे ताठ आहे, म्हणजे हॅलियार्ड तुम्ही हातानेच ओढून बांधलाय. पुली लावून ओढायला हवा होता.

आता ६.०५ चं बघू. ते माप तुम्ही ताण न देता घेतलंत ना? ताण दिल्यावर डोलकाठी पुढे येते आणि टेपवरचा आकडा वाढतो. तक्त्यातला आकडा ताण दिल्यानंतरचा असतो. म्हणजे कागदावर ६.०५ असलं तरी तुमची नाव ६.०५ वर कधी नव्हतीच. माप घेताना जिब चढवा, ताण द्या, मुख्य शीड उतरलेलं ठेवा. टेप मुख्य हॅलियार्डला बांधून शीड जिथपर्यंत जातं तिथपर्यंत वर न्या, आणि ट्रान्समच्या वरच्या कडेला बरोबर मध्यावर वाचा. तोच टेप मग दोन्ही बाजूंच्या चेनप्लेटला (श्राउड नावेला जिथे जोडतात त्या पट्टीला) लावून बघा. एका बाजूला सेंटिमीटरभर फरक आला तर डोलकाठी आडवी कललेली आहे, आणि मग एका टॅकवर (वारा एका बाजूने घेताना) नाव वेगळी वागते, दुसऱ्यावर वेगळी.

टिलर का ओढतो? डोलकाठी मागे गेली की शिडांचा जोर मागे सरकतो आणि नाव वाऱ्याकडे तोंड वळवू बघते, हे पुस्तकात बरोबर लिहिलंय. पण नाव कलली की ती त्याहून कितीतरी जास्त वळवते. तुमच्या जिबला पोट आलं, शिडात वारा मावेनासा झाला, नाव कलली आणि टिलर जड झाला. तुम्ही श्राउड सैल सोडलेत, त्याने डोलकाठी आणखी उभी राहिली, वरच्या शिडातला जोर वाढला आणि नाव आणखी कलली. तापावर गोधडी घातल्यासारखं झालं. म्हणून टिलर जड लागला की आधी नाव सपाट करा. ट्रॅपीझवरचा (तारेला लटकून बाहेर झुकणारा) भाऊ पुरता बाहेर, मेनशीट (मुख्य शिडाचा दोर) थोडी सैल. सपाट नावेतही टिलर दोन बोटांत राहत नसेल, तर मग रेककडे या.

श्राउडचं गणित पुष्कळांचं उलटं होतं. ते डोलकाठीच्या मागे बांधलेले असतात, म्हणून आखूड केले की डोलकाठी मागे जाते आणि लांब केले की पुढे येते. तुमच्या मापाच्या नावेवर श्राउड अर्धा सेंटिमीटर आखूड केला तर टेपवर साधारण तीन सेंटिमीटर कमी होतात, आणि शेंडा सात सेंटिमीटरच्या आसपास मागे जातो. दोन भोकं म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नव्हे.

मुंबईत तर दिवसाला दोन वारे. सकाळी जमिनीवरून येणारा मतलई, मंद, कधी पडतोही. तेव्हा डोलकाठी उभी हवी, शिडात जोर हवा. दुपारी पश्चिम-वायव्येचा खारा वारा चढतो, तेव्हा श्राउड एक भोक आखूड करा, पुन्हा ताण द्या, आणि सेंटरबोर्ड (नावेतून खाली पाण्यात उतरणारी फळी) किंचित वर घ्या. डोलकाठी मागे गेली की मुख्य शिडाची मागची कड वरच्या अंगाला उघडते आणि जादा वारा तिथून निसटतो. बोर्ड वर घेतल्याने पाण्याखालचा आधारही मागे सरकतो, म्हणून टिलर पुन्हा हलका लागतो. हे दोन्ही एकत्र करा. नुसता रेक वाढवून बोर्ड तसाच ठेवला, तर तुमचं तेच पत्र मला पुन्हा येईल.

हे मी शहाणपणाने शिकलेलो नाही. १९८२ च्या आशियाई खेळांत फारोख तारापोर आणि झरीर करंजिया यांनी फायरबॉल या दोघांच्या शर्यती नावेत सुवर्ण जिंकलं, ते मुंबईच्याच पाण्यात. तेव्हा मी एका क्लबात नावा ओढायला, धुवायला होतो. फायरबॉलवाले वाऱ्यात डोलकाठी चांगलीच मागे घेतात, एवढं कानावर आलेलं. एका साहेबांच्या नावेचे श्राउड न विचारता तीन भोकं आखूड केले. पहिल्याच टॅकला (नाव वळवताना) बूम (मुख्य शिडाखालचा आडवा दांडा) इतका खाली आला की साहेब त्याखालून जाऊच शकले नाहीत. नाव उलटली आणि साहेब टोपीसकट पाण्यात. आमच्या करंजा गावी घरी सांगितलं तर बाप, जो जन्मभर मचव्यावर तांडेल होता, म्हणाला, ‘काठी मागं कशाला पाडतो रे? आपली तर पुढं असते.’ खरंच आहे. आपल्या मचव्याची, पत्तेमारीची डोलकाठी पुढे झुकलेली. तिचं परबाणावरचं (तिरक्या आडकाठीवरचं) शीड वेगळं, चालही वेगळी. त्या दिवशी मात्र मला हसू आलं नाही.

एक दोनशे पानी वही घ्या. वारा, भोक, टेप, ताण, बोर्ड, आणि शेवटी टिलर कसा होता, असे सहा रकाने पुरे. एका वेळी एकच गोष्ट बदला. हॅलियार्डवर आणि डोलकाठीवर रंगीत टेपच्या खुणा करा, म्हणजे पाण्यावर मोजत बसायला नको. तक्त्यातला आकडा सुरुवातीपुरता. तुमचं शीड जुनं, नाव जुनी, तुमचा आकडा त्या वहीतच सापडेल.

प्रश्न : ताण मोजायचं गेज महाग आहे. हाताने दाबून अंदाज येतो का? मित्राच्या गेजवर २८ येतात, तेवढेच मी ठेवू का?
*— पुणे*

मित्राचे २८ मित्रालाच राहू देत. बहुतेक गेजवरचा आकडा म्हणजे किलो नव्हेत. तारेची जाडी बदलली की त्याच आकड्याचा अर्थ बदलतो. तुमची तार अडीच मिलिमीटरची आणि त्याची तीनची असेल, तर तुलनाच नको. एकच गेज, एकच तार, श्राउडवर रोज तीच जागा, तरच आकड्याला अर्थ.

हाताने दाबून काही कळत नाही. सकाळी हात ताजा असतो, संध्याकाळी सगळंच ताठ लागतं. त्यापेक्षा वाऱ्यावर चढताना वाऱ्याआडच्या श्राउडकडे बघा. झुळूक आली की तो जेमतेम सैल पडायला हवा. लोंबकळत असेल तर ताण कमी आहे. भर वाऱ्यातही तारेसारखा वाजत असेल तर जुन्या नावेवर जरा दया करा, चेनप्लेटभोवती केसासारख्या चिरा पडल्यात का ते बघा.

प्रश्न : मुलगी लेझर (एकट्याने चालवायची शिडाची नाव) चालवते. तिच्या डोलकाठीचा रेक कसा बदलायचा?
*— आई, ठाणे*

बदलायचा नाही, ताई. लेझरला श्राउडच नाहीत. डोलकाठी डेकवरच्या भोकात उभी राहते, आणि तिचा कल नाव बनली तेव्हाच ठरला. तिने कनिंगहॅम, व्हँग आणि आउटहॉल या शिडाचा आकार बदलणाऱ्या दोरांवर वेळ घालवावा.

तुम्ही मात्र एक करा. डोलकाठी काढून ते भोक पाण्याने काठोकाठ भरा, पातळीला पेन्सिलची खूण करा आणि तासाभराने बघा. पाणी उतरलं असेल तर ते नावेच्या पोटात जातंय. दुरुस्त होईपर्यंत मुलीला जोराच्या वाऱ्यात पाठवू नका. पाणी उतरलं नाही, तर ते उपसून टाका आणि तळाशी बोट फिरवा. वाळू लागली तर धुऊन काढा, कारण तीच डोलकाठीखाली रगडून भोक झिजवते.