कॅम्परचा सिलिंडर: भरून घेऊ नका, बदलून घ्या

तुमचे प्रश्न दोन. ट्रॅव्हलर व्हॅनची कॅम्पर, म्हणजे आत राहता-स्वयंपाक करता येईल अशी गाडी करताय, तर अमेरिकेतल्या व्हिडिओंसारखी गाडीखाली प्रोपेनची टाकी बसवून ती ठाण्यात किंवा नवी मुंबईत कुठे भरून मिळेल? आणि तोवर किलोवर गॅस भरून देणाऱ्या दुकानातून छोटा सिलिंडर भरून घेतला तर चालेल का?

दुसऱ्याचं उत्तर आधी देतो, कारण ती चूक मी स्वतः केली आहे. एका सिलिंडरमधला गॅस दुसऱ्यात ओतणं बेकायदा आहेच, पण त्या वेळी मला त्याचं फारसं काही वाटलं नव्हतं. मे महिना होता, सकाळी निघायचं होतं आणि पाच किलोचा सिलिंडर रिकामा. घोडबंदर रोडच्या आतल्या एका गल्लीत भरून मिळाला. घरी आणताना हाताला जरा जडच लागला, म्हणून खालच्या वाण्याच्या काट्यावर ठेवला. कॉलरवर, म्हणजे वरच्या कड्यावर, कोरलेलं रिकाम्याचं वजन वजा केलं तर आत ५.९ किलो! भरणाऱ्याला वाटलं असेल, गिऱ्हाईक खूश होईल.

आता हिशेब बघा. पाच किलोच्या सिलिंडरची पोकळी साधारण १२ लिटरची असते आणि एक लिटर द्रव एलपीजी भरतो अर्ध्या किलोहून थोडा जास्त, ०.५४ च्या आसपास. म्हणजे माझा सिलिंडर ९० टक्क्यांच्या वर भरला होता. हा द्रव तापला की दर अंशाला पाव टक्क्याच्या आसपास फुगतो. बंद गाडी मे महिन्याच्या उन्हात ५५ अंशांपर्यंत सहज जाते. वर वाफेला जागाच उरली नाही तर फुगणारा द्रव थेट पत्र्यावर जोर करतो. म्हणून जगभर सिलिंडर ८० टक्क्यांपर्यंतच भरायचा नियम आहे. आपला घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर ३३.३ लिटरचा असतो, भागून बघा, तिथेही हेच गणित निघतं. प्लांटमध्ये वजनावर भरतात ते याचसाठी. तो सिलिंडर मी रात्रीच्या गारव्यात एजन्सीत नेऊन दिला आणि मुकाट्याने बोलणी खाल्ली.

आता पहिला प्रश्न. अमेरिकेतल्या सिलिंडरला ८० टक्क्यांवर आपोआप भरणं थांबवणारा व्हॉल्व्ह असतो, भरणारा माणूस प्रशिक्षित असतो, आणि भरताना इंजिन, शेगडी, फ्रिज सगळं बंद करून माणसं गाडीबाहेर उभी राहतात. आपल्याकडे त्याला पर्याय म्हणून कुणी ऑटो एलपीजीची, म्हणजे गाडीच्या इंधनाची, टाकी शेगडीला जोडायला सांगेल. ऐकू नका. त्या टाकीतून इंजिनासाठी द्रव बाहेर काढतात, शेगडीला वाफ लागते. रेग्युलेटरमध्ये द्रव शिरला तर ज्वाळा कुठवर जाईल सांगता येत नाही. आणि रिक्षांच्या रांगा लागतात त्या सीएनजी पंपावर तर चुकूनही चौकशी करू नका. तो मिथेन, २०० बारच्या दाबाचा, प्रकरणच वेगळं.

तेव्हा टाकीचा नाद सोडा आणि पाच किलोचे दोन सिलिंडर घ्या. एजन्सीत ओळखपत्रावर मिळतात, पत्त्याचा पुरावा लागत नाही, आणि रिकामा देऊन भरलेला घेता येतो. जास्तीचे पैसे असतील तर कंपोझिट, म्हणजे लोखंडाऐवजी फायबरचा, घ्या. हलका असतो आणि उजेडात धरला की आतली पातळी दिसते. घेताना काट्यावर ठेवायला सांगा. कॉलरच्या आतल्या पट्टीवर अक्षर आणि वर्ष असतं: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. सी-२७ म्हणजे सप्टेंबर २०२७ पर्यंत चालेल. तारीख उलटलेला असेल तर तिथेच परत करा.

जोडल्यावर साबणाचं पाणी लावून बघा, काडी नको. नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदला. गाडीत हादरे बसतात, मी तीनलाच बदलतो. सिलिंडर कायम उभा आणि पट्ट्याने बांधलेला. गाडी चालू करण्यापूर्वी रेग्युलेटर काढून सेफ्टी कॅप लावायची. या बाबतीत आमच्या घरी सौ. माझ्याहून कडक आहेत.

स्पितीला जाणार असाल तर आणखी एक. आपल्या एलपीजीत ब्यूटेन बराच असतो आणि तो शून्याच्या आसपास वाफ व्हायचाच थांबतो. सकाळी शेगडी मंद जळली तर सिलिंडर कोमट पाण्यात ठेवा. ढाब्यावर लोक खाली जाळ करताना पाहिलेत, तसलं काही करू नका.

गाडीत सिलिंडर ठेवायच्या लॉकरचं, म्हणजे कप्प्याचं, काम सुरू झालं असेल तर सुताराला उद्याच फोन करा. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला की जमिनीवर साचतो. वरच्या जाळीचा उपयोग नाही. लॉकरच्या तळाला थेट गाडीखाली उघडणारं भोक हवं, सायलेन्सरपासून लांब, आणि आतल्या बाजूचे सगळे सांधे बंद. माझ्या सुताराने भोकावर प्लाय ठोकून टाकला होता, 'धूळ येते साहेब' म्हणत.